खिशातलं मल्टिटूल कसं निवडायचं: केळीच्या वावरापासून मोटारसायकलपर्यंत

मल्टिटूल म्हणजे चाकू, कात्री, पेचकस, कधी पक्कड अशी अनेक हत्यारं एकाच मुठीत घडी होऊन बसणारं साधन. ते घ्यायचं ठरवलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न आकड्याचा असतो. बारा कामांचं घेऊ, चौदा कामांचं घेऊ, की थेट तेहेतीस? मी यावल तालुक्यात केळी आणि कापूस करतो. बऱ्याच वर्षांपासून माझ्या खिशात असं एखादं हत्यार असतंच, त्यामुळे गावातली पोरं विकत घेण्याआधी विचारायला येतात. माझं सांगणं असं की आकडा बाजूला ठेवा. नवख्या माणसाने आधी एकच गोष्ट ठरवायची: आपल्या रोजच्या कामात पक्कड लागते की नाही. हे नक्की झालं की अर्धा बाजार आपोआप गळतो. आकार, पातं, कात्री, करवत हे पुढचे प्रश्न मग सोपे होतात.

सुरुवातीला जवळ असू द्या

- एक छोटी वही किंवा मोबाईलमधली नोंद
- तपासणीसाठी सुतळीचा तुकडा, पातळ प्लास्टिकची पिशवी, जुना कागद
- ठिबकच्या १६ मिमी लॅटरलचा (झाडांच्या ओळीने जाणाऱ्या बारीक नळीचा) वीतभर तुकडा, शेती असेल तर
- तुमच्या गाडीचा किंवा चष्म्याचा नेहमी ढिला होणारा एखादा स्क्रू
- खरेदीनंतर जपायला पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड

१. आधी कामं लिहून काढा

आठवडाभर खिशात काही नसतानाच हिंडा. जिथे जिथे चाकू, कात्री, पेचकस किंवा पक्कड हवी होती असं वाटलं, ते त्या जागीच लिहून ठेवा. रात्री आठवून लिहू नका. रात्री माणसाला मोठी कामं आठवतात, आणि मल्टिटूल तर बारीक कामांसाठीच असतं.

आमच्या भागात ही यादी साधारण अशी निघते. खताच्या गोणीची शिलाई उसवणं. घडाला लावलेल्या स्कर्टिंग बॅगची दोरी कापणं. उंदराने कुरतडलेली लॅटरल कापून जॉइनर बसवणं. कामगंध सापळ्याच्या ल्यूरचं (किडीला ओढणाऱ्या गंधगोळीचं) पाकीट उघडणं. पायात रुतलेला बाभळीचा काटा काढणं. क्लचची केबल ओढून धरणं. चष्म्याचा स्क्रू आवळणं. बाजारातून आणलेल्या खोक्याची टेप फाडणं. वावरात बसून भाकरीसोबत कांदा चिरणं.

धुळ्यात किंवा जळगावात दुकान, शाळा, बँक अशा ठिकाणी काम करणाऱ्याची यादी याहून वेगळी असेल. पार्सल, स्टेपलची पिन, नख, धागा, खुर्चीचा ढिला स्क्रू. त्यात पक्कड कदाचित एकदाही यायची नाही. ते यादीतूनच कळू द्या.

केळीचा घड कापणं, पिल्लं काढणं, पानं छाटणं ही कामं यादीत घालू नका. त्यासाठी विळा आणि कोयता आहे. खिशातला चाकू त्यांच्या कामाला लावला तर आठ दिवसांत बिजागरी ढिली होते.

२. पक्कड हवी की नको

बाजारात मुळात दोन घराणी आहेत. एकाची रचना चाकूभोवती झाली, दुसऱ्याची पकडीभोवती.

चाकूवाल्या घराण्याची सुरुवात स्वित्झर्लंडच्या श्वीझ भागातल्या ईबाख गावी झाली. तिथे कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली कारखाना काढला, आणि १८९१ पासून ते स्विस सैन्याला चाकू पुरवू लागले. १२ जून १८९७ रोजी त्यांनी अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं चालवायची, ही त्यातली खुबी. तीच कंपनी आज व्हिक्टोरिनॉक्स म्हणून ओळखली जाते.

पकडीवाल्या घराण्यामागे अमेरिकेचे टिम लेदरमन. १९७५ साली ते जुनी गाडी घेऊन युरोपात फिरत होते. खिशात साधा चाकू होता, पण गाडी दुरुस्त करताना आणि हॉटेलातले नळ सांभाळताना पदोपदी पक्कड आठवायची. त्यातून घडी घालता येणारी पक्कड तयार झाली आणि १९८३ साली पोर्टलंडला कंपनी उभी राहिली.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की तुमची यादी या दोघांपैकी कोणाच्या गरजेशी जुळते ते पाहिलं की उत्तर मिळतं. कापणं, उघडणं, स्क्रू फिरवणं एवढंच असेल तर चाकूच्या घराण्यातलं घ्या. तार पिळणं, गरम किंवा अडकलेली वस्तू ओढणं, नट धरून ठेवणं हे आठवड्यातून दोन-तीनदा येत असेल तर पकडीचं घ्या.

फरक वजनात दिसतो. ९१ मिमीचा (ही मिटलेल्या चाकूची लांबी) साधा स्विस चाकू साठ ग्रॅमच्या आसपास असतो. लेदरमनचं वेव्ह प्लस २४१ ग्रॅमचं आहे, स्केलटूल १४२ ग्रॅमचं. पायजम्याच्या किंवा ट्रॅक पँटच्या खिशात २४१ ग्रॅम दिवसभर लोंबकळतात आणि चौथ्या दिवशी ते हत्यार घरी राहतं. ज्यांना पक्कड हवी पण वजन नको त्यांनी सरळ दोन गोष्टी कराव्यात: खिशात हलका चाकू, आणि मोटारसायकलच्या डिकीत साधी चांगली पक्कड. माझ्या मते आपल्याकडच्या दहातल्या सात माणसांना हाच मार्ग बरा.

३. थर मोजा

स्विस पद्धतीच्या चाकूत हत्यारं थरांत बसवलेली असतात. प्रत्येक थराने जाडी वाढते. म्हणून किती कामांचा असं न विचारता किती थरांचा असं विचारा.

व्हिक्टोरिनॉक्सचीच मॉडेलं घेऊ. दोन थरांचा स्पार्टन: मोठं पातं, छोटं पातं, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, मागे टोच्या आणि बूच काढायचा पिळाचा स्क्रू. त्यात कात्री घातली की तीन थरांचा क्लायंबर. अजून करवत घातली की चार थरांचा हंट्समन. हंट्समन हातात छान वाटतो, पण शर्टाच्या खिशात ठेवून बघा.

आता बूच काढायच्या स्क्रूबद्दल. आपल्याकडे त्याचं मूळ काम जवळजवळ नाही. सुतळीची घट्ट बसलेली गाठ मात्र तो झकास सोडवतो. पण त्या जागी चौफुली, म्हणजे अधिकच्या खुणेसारख्या टोकाचा, पेचकस मिळत असेल तर तो जास्त कामाचा. टिंकर हा स्पार्टनचाच असा भाऊ, आणि सुपर टिंकर म्हणजे कात्री असलेला. पंपाच्या स्टार्टरचं झाकण, मोबाईल स्टँड, मोटारसायकलचे बरेचसे स्क्रू चौफुलीच असतात. शेती आणि गाडी दोन्ही असणाऱ्याला मी पहिल्यांदा सुपर टिंकर सुचवतो.

ज्यांना धातूची मूठ आणि करवत हवी त्यांच्यासाठी ९३ मिमीचा फार्मर आहे. त्यात कात्री नाही. कात्रीसकट हवा असेल तर फार्मर एक्स. शेवगा, लिंबू, डाळिंबाच्या बारीक फांद्या छाटणाऱ्याला ही करवत आवडेल.

आणि ५८ मिमीचा क्लासिक. किल्लीला लटकवायचा, वीस-बावीस ग्रॅमचा. पातं, कात्री, कानस, चिमटा. शाळा-ऑफिसवाल्यांना एवढाच पुरतो, आणि शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या बाई, सगळ्यांच्या पर्समध्ये तो गुमान राहतो. लहान आहे म्हणून त्याला कमी लेखू नका, त्याची कात्री भल्याभल्यांपेक्षा सुबक चालते.

४. पातं आणि लॉक

पोलादाच्या नावांच्या जंजाळात शिरू नका. रोजच्या वापराला गंज न पकडणारं, मध्यम कठीण पोलाद उत्तम. व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याची कठीणता रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास असते. यापेक्षा कठीण पातं धार जास्त टिकवतं, पण बोथट झालं की घरच्या दगडाला दाद देत नाही. वावरात माती, सुतळी, प्लास्टिक कापताना कुठलंही पातं बोथट होणारच. मग जे पटकन धारेवर येतं तेच सोयीचं.

लॉकबद्दल एक गैरसमज आहे. ९१ मिमीच्या स्विस चाकूत लॉक नसतो, स्प्रिंगच्या जोरावर पातं उघडं राहतं. ओढून कापण्यासाठी ते पुरेसं आहे. टोक दाबून भोसकायचं काम त्याने करू नका, पातं बोटांवर मिटतं. तुमच्या कामात दाब जास्त असेल तर लॉकवाला मोठा १११ मिमीचा किंवा पकडीवाल्या घराण्यातला घ्या.

बटण दाबलं की खाडकन उघडणारे चाकू बाजारात दिसतात. तिकडे वळूच नका. त्यांनी कामं होत नाहीत, आणि पोलिसांसमोर तुमची बाजू अवघड होते.

५. कायद्याचं बघून घ्या

शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. खिशातल्या चाकूचं पातं यापेक्षा खूपच लहान असतं.

पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी शस्त्रं बाळगायला बंदी घालू शकतात, आणि त्या यादीत चाकूचं नाव स्पष्ट आहे. गणेशोत्सव, ईद, निवडणुका, मोर्चे अशा काळात असे आदेश निघतात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात. बातमी वाचली की मुदत संपेपर्यंत चाकू घरी ठेवा. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीच्या ठिकाणी तर बंदी असो-नसो, तो नेऊच नका.

कोर्ट, मतदान केंद्र, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं वीजकेंद्र इथे सुरक्षा कडक असते. गेटवर तुमचा चाकू ठेवून घेतील किंवा तुम्हाला परत पाठवतील. जळगावहून विमानाने जाणार असाल तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात टाका. निघताना खिसे चाचपून बघा. सुरक्षा तपासणीत सापडलेला चाकू बहुधा परत मिळत नाही.

६. दुकानात काय तपासायचं

इथे घाई करू नका. दुकानदार कितीही गडबडीत असला तरी दहा मिनिटं घ्या.

सगळी हत्यारं एकदा उघडा आणि मिटा. प्रत्येक हत्यार उघडताना ठाम टक असा आवाज आला पाहिजे. एखादं मलूल उघडत असेल तर तिथली स्प्रिंग कमजोर आहे. उलट एखादं नख तुटेल इतकं घट्ट असेल तर तेही नको. चिखलाच्या, चिकाच्या हाताने ते उघडणारच नाही.

चाकू मिटवून उजेडासमोर धरा. थरांमधून पलीकडचा प्रकाश दिसत असेल तर जोडणी सैल आहे. मोठं पातं उघडून टोक दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलकेच ढकला. डुगडुगलं तर ठेवून द्या.

कात्रीची परीक्षा पातळ पिशवीवर घ्या. जाड कागद तर कुठलीही कात्री कापते. पिशवी टोकापर्यंत सरळ कापली जावी, पात्यांत दुमडून अडकू नये.

पेचकसाच्या टोकाच्या कडा चौरस आणि टणक हव्यात. गोलसर कडा स्क्रूची खाच खाऊन टाकतात. बरोबर नेलेला स्क्रू इथे उपयोगी पडतो.

पकडीचं असेल तर दोन्ही जबडे मिटवून टोकाशी डोळा लावा. टोकं एकमेकांवर नेमकी बसली पाहिजेत. सुतळीचा एकच धागा टोकात पकडून ओढा. निसटला तर काटा काय, केबलही धरता येणार नाही. पकडीची मूठ दाबल्यावर तळहातात रुतते का तेही बघा. काही स्वस्त मल्टिटूलच्या मुठींच्या कडा इतक्या धारदार असतात की जोर लावला की आधी हातच कापतो.

शेती असेल तर लॅटरलचा तुकडा काढा. नळी फिरवत फिरवत काटकोनात कापता आली पाहिजे. तिरपी कापलेली नळी जॉइनरमध्ये नीट बसत नाही आणि तिथून पाणी पाझरत राहतं.

७. नकली माल आणि बिल

चौकातल्या गाडीवर, जत्रेत, ऑनलाइन सेलमध्ये लाल मुठीचा, ढाल-क्रॉसचा चाकू फारच स्वस्तात दिसला तर तो अस्सल नसतो. पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव आणि स्विस बनावटीचा ठसा बघा. ठसा पुसट, अक्षरं वाकडी किंवा स्पेलिंग चुकलेलं असेल तर मागे फिरा. चिमटा आणि दातकोरणं खाचेत सैल असतील तरी तेच.

बिलाशिवाय घेऊ नका. साहित्यातल्या आणि बनावटीतल्या दोषासाठी व्हिक्टोरिनॉक्सची चाकूंवर आजीवन हमी आहे, लेदरमनची २५ वर्षांची. झीज आणि गैरवापर त्यात धरला जात नाही. टोक मोडलं कारण त्याने खिळा उपसला, हे कारखान्यातल्या माणसाला एका नजरेत कळतं. बिलाचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा, कारण बिलावरची शाई आपल्या उन्हाळ्यात उडून जाते.

८. कुठे ठेवायचं

शर्टाच्या वरच्या खिशात नको. मोटार बघायला विहिरीवर वाकलात की तो थेट पाण्यात. पँटच्या पुढच्या खिशात ठेवा किंवा कडीला दोरी बांधून पट्ट्याला अडकवा. पकडीवालं असेल तर पट्ट्यावरची पिशवीच बरी.

९. कुठे वापरायचा नाही

विजेचं काम सगळ्यात आधी. लेदरमनसारख्या मल्टिटूलची मूठ बहुधा उघड्या धातूची असते. स्विस चाकूची प्लास्टिकची मूठही विजेसाठी बनवलेली नसते. आतले थर, पिना सगळं धातूचं आहे. शेतीपंपाची लाईट आपल्याकडे पाळीने येते, पुष्कळदा रात्री, आणि ट्रिप झालेला स्टार्टर बघायला माणूस एकटाच जातो. हात ओले, पायाखाली चिखल, समोर थ्री-फेज. अशा वेळी खिशातला पेचकस काढायचा मोह होतो. काढू नका. मेन बंद करा, टेस्टरने बघा, आणि इन्सुलेटेड मुठीचीच हत्यारं वापरा. ती पंपघरात टांगून ठेवा म्हणजे शोधावी लागणार नाहीत. सालदारालाही हे नीट समजावून सांगा.

ठिबकचा ड्रिपर बुजला म्हणून त्यात टोच्या खुपसू नका. छिद्र मोठं होतं आणि त्या एका झाडाला कायम जास्त पाणी जातं. त्याला आम्लप्रक्रिया करा किंवा ड्रिपर बदला.

औषधाचं पाकीट कापलेल्या पात्याने कांदा चिरायचा नाही. मी दोन पात्यांचा चाकू यासाठीच घ्यायला सांगतो. मोठं पातं खाण्याचं, छोटं पातं गोणी, पाकीट, टेप यांचं. ही वाटणी पहिल्या दिवसापासून पाळा आणि घरातल्यांनाही सांगून ठेवा, कारण चाकू मागून नेणारा दुसराच कोणी असतो.

रोगट झाड कापून झालं की पातं स्वच्छ पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. केळीच्या कंदसडीसारखे जिवाणूजन्य रोग हत्यारावरूनही पसरतात.

१०. धार आणि निगा

केळीचा चीक हा आपल्या भागातला खास शत्रू. ओला असताना पुसला तर निघतो. वाळला की बिजागरीत काळा गोंद होऊन बसतो आणि पातं अर्ध्यातच अडकतं. थोड्या रॉकेलने किंवा गोडेतेलाने भिजवून जुन्या टूथब्रशने घासा, मग साबणाच्या कोमट पाण्यात चाकू उघडझाप करत धुवा.

कापसाचं तसंच. वेचणीच्या दिवसांत खिशात तंतू साचतात, ते बिजागरीत शिरतात आणि घामाचा ओलावा धरून ठेवतात. गंज तिथूनच सुरू होतो. न गंजणारं म्हणून विकलेलं पोलादही घाम आणि खतापुढे कायम टिकत नाही. पोटॅशची गोणी कापली की पातं त्याच दिवशी धुवा. त्यातल्या क्लोराइडने पात्यावर बारीक खड्डे पडतात.

धुतल्यावर उघडा ठेवून पूर्ण वाळवा. मग प्रत्येक बिजागरीत शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल घातलं तर काळ्या मातीची धूळ चिकटते. ज्या चाकूने खाता त्याला खाण्यायोग्य पॅराफिन तेल घाला.

धार घरीच लावा. सायकलवर चाक फिरवून धार लावणारे विळ्या-कात्र्यांना ठीक आहेत, पण त्या चाकावर एवढंसं पातं तापतं आणि त्याचं पाणी उतरतं, शिवाय निम्मं पातं झिजून जातं. दोन बाजूंचा साधा दगड घ्या. पाण्याने भिजवा, पातं प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांत धरा आणि दोन्ही बाजूंना सारखेच हात मारा. जोर लावू नका. कागद न फाटता कापला गेला की थांबा.

कात्री मऊ पडली तर आधी तिची छोटी स्प्रिंग बघा. बऱ्याचदा तीच वाकलेली किंवा तुटलेली असते, आणि ती वेगळी मिळते. चिमटा आणि दातकोरणंही वेगळं मिळतं. त्यासाठी पूर्ण चाकू बदलायची किंवा सर्व्हिसला पाठवायची गरज नाही. पाठवायची वेळ आलीच तर आधी स्वच्छ करा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि बिलाची प्रत सोबत जोडा.